बंकटच्या गाडीची शिट्टी

बंकटचं सगळं घराणं मेंढरांमागं हिंडलेलं. त्यानं एकट्यानंच काठी खाली ठेवली आणि स्टिअरिंग धरलं. युसूफ वडगाव या गावात त्याची जुनी डिझेलची पिकअप होती. आसपासच्या वस्त्यांवरची शेरडं-मेंढरं गाडीत घालायची आणि बाजाराला पोचवायची, हा त्याचा धंदा. गाडी इतकी वर्षं त्याच्या हाताखाली होती की इंजिनाचा ठोका जरा चुकला तरी त्याला भाकर गोड लागत नसे. बंकट कानाचा पक्का, असं गाव म्हणायचं. त्यालाही ते पटलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात पाटोद्याकडच्या चढाला गाडी दम टाकायला लागली. मागं काळाकुट्ट धूर आणि पुढं बैलगाडीची चाल. शेजारी तानाजी बसलेला असायचा. त्याची शेरडं गेली कित्येक वर्षं बंकटच्याच गाडीतून बाजाराला जात. तो म्हणाला, "बंकट, तुझ्या गाडीला दमा झाला बे."

केजला सोमेश्वर मिस्त्रीनं टर्बो खोलला आणि बंकटच्या तळहातावर एक छोटा पंखा ठेवला. पात्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यागत झाल्या होत्या.

"हे बघा तात्या. इंजिनातनं धूर बाहेर पडताना एक पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या ह्या टोकाला हा दुसरा पंखा. हा बाहेरची हवा ओढतो आन् दाबून इंजिनात घालतो. तुमचा फिल्टर फाटलेला, त्यातनं धूळ गेली, पाती झिजली. हवा कमी पडती म्हणून धूर."

"मग असलाच दुसरा टाक."

"टाकतो. पण मी म्हणतो जरा मोठा टाकू. त्याच्याभवतीचं कवच बी बदलू, डिझेलचा पंप थोडा जमवून घेऊ. गाडी चढाला घोड्यावानी जाईल."

बंकटला निम्मंच कळलं. आपल्याच सोडलेल्या श्वासाच्या जोरावर पुढचा श्वास ओढायचा, हे काही त्याच्या डोक्यात बसेना. पण मिस्त्री विश्वासाचा होता. त्यानं मान हलवली.

गाडी ताब्यात देताना सोमेश्वरनं बजावलं, "एक ध्यानात ठेवा. पंखा मोठा हाय, भरायला वेळ घेणार. पायाखाली लगेच ताकद यायची न्हाई. शिट्टी वाजली की समजायचं, भरला. तवर चढाला वरचा गिअर टाकू नका."

पुढच्या बाजाराला बंकट चढाला लागला तो कान टवकारूनच. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओरडत होती, मागं शेरडं एकमेकांवर कलंडत होती आणि तो शिट्टीची वाट पाहत होता. शिट्टी काही येईना. अर्धा चढ संपला तसा तानाजी म्हणाला, "वरचा टाक की. कवाधरनं शिट्टी मारतीय."

"कुठं शिट्टी?"

तानाजीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. हा आपली चेष्टा करतोय असं तानाजीला वाटलं, आणि तानाजी आपली चेष्टा करतोय असं बंकटला. पाटोद्याच्या बाजारात दोघांनी शेरडं उतरवली.

परतताना तो सरळ सोमेश्वरकडं गेला. पंखा बदललाच नसेल, असा संशय मनात घेऊन. सोमेश्वरनं स्वतः गाडी हाकली, त्याला शेजारी बसवून गावाबाहेर नेलं आणि पाय दाबून म्हणाला, "ही बघा. आली का न्हाई?"

बंकटला इंजिनाची धडधड ऐकू आली. टपाचा खडखडाट ऐकू आला. टायरचा आवाज ऐकू आला. सोमेश्वर हसऱ्या तोंडानं त्याच्याकडं बघत होता. "हां, आली," बंकट म्हणाला, आणि आपण खोटं का बोललो हे त्याचं त्यालाच उमगलं नाही.

घरी आला तर बायको, मनकर्णा, भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमची गाडी आता आडापासनंच कळती. लई शिटी मारती बया." म्हणजे आता घरातही तेच. त्यानं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी रानातल्या रस्त्याला एकट्यानंच गाडी उभी करून त्यानं बॉनेट उघडलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हातानं ओढ दिली, इंजिनाचा वेग चढवला, डोकं आत घातलं. हवेच्या रबरी नळीवर हात ठेवला तर नळी हाताखाली फुगत होती, थरथरत होती. म्हणजे पंखा फिरत होता. मग शिट्टी गेली कुठं? सगळ्या मुलखाला ऐकू येणारी गोष्ट नेमकी मालकालाच कशी टाळते? कुणी काही केलं की काय, असाही विचार त्याच्या मनाला शिवून गेला. त्यानं लिंबू आणून पुढच्या काचेपाशी बांधलं. दोन दिवसांनी स्वतःचीच लाज वाटून सोडून टाकलं.

त्याच आठवड्यात सून उज्ज्वला अंगणवाडीच्या प्रशिक्षणासाठी केजला निघाली. नवरा हरिओम चाकणला कंपनीत, म्हणून सासऱ्याच्या गाडीतून. बंकटला ते जड गेलं. सुनेचं आणि त्याचं वर्षभरापासून धड बोलणं नव्हतं. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटते, मुद्दाम आपल्याला कळू नये असं बोलते, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. "सुनेला तोंड न्हाई का?" असं तो मनकर्णाला दोन-चारदा विचारूनही चुकला होता.

सपाटीला गाडी पळायला लागली तसं न राहवून त्यानं विचारलं, "उज्ज्वला, खरं सांग. ही गाडी शिट्टी मारती का?"

तिचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोल की."

ती पुन्हा बोलली. त्याला वाटलं, ती म्हणतेय, तुमाला आवडत न्हाई का. आवडण्याचा काय संबंध? तो चिडून म्हणाला, "मी काय विचारतो, तू काय बोलती?"

उज्ज्वलानं हातानं खूण करून गाडी बाजूला घ्यायला लावली, इंजिन बंद करायला लावलं. रस्त्याकडेला विहिरीवर वाकलेली बाभळ होती. तिला सुगरणीचे खोपे लोंबत होते. उज्ज्वला त्याच्याकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मामा, ही पाखरं ओरडत्यात. ऐकू येत्यात का?"

बंकटनं बाभळीकडं पाहिलं. पिवळ्या डोक्याचे नर खोप्यांना उलटे लटकून पंख फडफडवत होते, चोची उघडत होते, मिटत होते. आवाज नव्हता. वारा होता, लांबवर एक ट्रॅक्टर होता, पण पाखरं मुकी होती. "फवारण्यांनी पाखरंच राहिली न्हाईत आता," असं तो गेली दोन वर्षं पारावर सांगत आला होता. कुणी हो म्हणायचं, कुणी चमत्कारिक बघायचं.

"ओरडत्यात?" त्यानं विचारलं.

"लई," उज्ज्वला म्हणाली.

तो गाडीतून उतरला आणि बाभळीखाली जाऊन उभा राहिला. उशीर होत होता, पण तिनं घाई केली नाही.

अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं उज्ज्वलाच घेऊन गेली. काचेच्या खोलीत कानांना यंत्र लावून, हातात बटण देऊन त्याला बसवलं. आवाज आला की दाबायचं. तो बसला, बसला, आणि शेवटी काचेतून खुणावलं की मशीन चालू करा. मशीन चालूच होती.

"जाड आवाज चांगले येतात तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बारीक, उंच आवाज गेलेत. इंजिनापाशी जन्म काढलेल्यांचं होतं असं. बायकांचं, लेकरांचं बोलणं अर्धवट येत असेल. शब्दांच्या कडा जातात."

"पण मला इंजिन तर सगळं कळतंय," बंकट म्हणाला.

"तेवढंच कळतंय."

कानात घालायचं यंत्र मिळालं. घातलं की ताटल्यांचा खणखणाट डोक्यात शिरायचा, काढलं की माणसं पुन्हा पुटपुटायची. यातलं खरं जग कुठलं, हे त्याला ठरवता येईना. गाडीत तर वाऱ्यानं यंत्र नुसतं घोंघावायचं. सोमेश्वरनं मग डॅशबोर्डवर हवेच्या दाबाचा काटा बसवून दिला. काटा ठरल्या खुणेला टेकला की गिअर टाकायचा. आपलं खोटं बोलणं बंकटनं त्याला सांगितलं. सोमेश्वर म्हणाला, "मला वाटलंच हुतं तात्या. पण मोठ्या माणसाला कसं म्हणावं?" पाटोद्याचा चढ गाडी आता तिसऱ्या गिअरमध्ये काढू लागली. तानाजी काट्याकडं बोट दाखवायचा आणि बंकट त्याचं बोट बाजूला सारायचा.

एका संध्याकाळी ओसरीवर उज्ज्वला शेंगा फोडत बसली होती. बंकट यंत्र नीट बसवून तिच्यासमोर येऊन बसला.

"पोरी, मागल्या दिवाळीच्या टायमाला मी गाडी काढत हुतो. तू मागनं पळत आलतीस, काहीतरी बोललीस. मी म्हणलं, ही तोंड लपवून उलट बोलती, आन् तसाच निघून गेलतो. मग महिनाभर तुझ्या हातचा चहा घेतला न्हाई. काय म्हणली हुतीस तवा?"

उज्ज्वलानं शेंगा फोडायच्या थांबवल्या. तिनं खूप आठवून पाहिलं. "खरंच ध्यानात न्हाई, मामा. डबा राहिला असंल. न्हाईतर बाजारातनं काही आणा म्हणलं असंल."

"एवढंच?"

"काय की."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. एवढंच असेल, नसेलही. वर्षभरात अशी किती बोलणी त्याच्या अंगावरून गेली असतील, आणि त्यातल्या किती बोलण्यांवर तो मनातल्या मनात भांडला असेल, याचा त्याला अंदाजच येईना. आतून मनकर्णानं काहीतरी विचारलं. त्याला फक्त शेवटचा सूर कळला.

"काय म्हणती?" त्यानं उज्ज्वलाला विचारलं.

"भाकरी आता टाकू का नंतर."

"आता टाक म्हणावं," बंकट म्हणाला, आणि सुपातल्या मूठभर शेंगा स्वतःच्या पुढ्यात ओढून फोडायला बसला.