रोज दहा वाजताची लिसनरची यादी

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात रोज सकाळी दहाला एक तमाशा व्हायचा. लोड बॅलन्सरवरची लिसनरची यादी स्क्रीनवर आणायची, तिची प्रिंट काढायची, खाली ‘तपासले, बरोबर’ लिहून मी सही ठोकायची आणि कागद साहेबांपुढे ठेवायचा. लोड बॅलन्सर म्हणजे सगळ्यांत पुढे बसवलेला सर्व्हर. येणाऱ्याला तो मागच्या चार मशिनींपैकी मोकळ्या मशिनीकडे धाडतो. आणि लिसनरची यादी म्हणजे तो कोणकोणत्या पोर्टवर लोकांची वाट पाहत बसलाय ते. पोर्ट यादीत नसेल तर बाहेरच्याला आत रस्ता नाही. एवढी सोपी गोष्ट, पण साहेबांना तीही कळत नव्हती. कागद उलटा धरून सही करताना मी त्यांना स्वतः पाहिलंय.

त्या वर्षी तूर धो-धो पिकली आणि भाव पार बसला. सरकारी खरेदीत घालायची तर आधी आमच्या साइटवर नोंद लागायची. हिवरखेडच्या माझ्या मामाचे आठ दिवस तलाठ्याने सातबाऱ्यासाठी खाल्ले, म्हणून तो शेवटच्या दिवशी गावच्या नोंदणी केंद्रावर रांगेत उभा होता. अकराला त्याचा फोन आला.

“काय बे, साइटच उघडून नाई रायली. इथला कम्प्युटरवाला म्हणते, तुमचा सर्व्हर बंद आहे.”

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी आपल्या टेबलावरच्या मशिनीवर साइट उघडून दाखवली. “ही काय, चालू आहे. त्या केंद्रवाल्यांना काही समजत नाही.” अहो, तुमची मशीन ऑफिसातल्या ऑफिसात थेट मागच्या सर्व्हरला जोडलेली, ती लोड बॅलन्सरकडून जातच नाही! हे पाच वेळा सांगून झालं होतं, पण त्यांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. मग साइट सांभाळणाऱ्या पुण्याच्या कंत्राटदाराच्या इंजिनिअरला फोन लावला. “तुमच्याकडे नेटचाच प्रॉब्लेम असतो हो,” तो म्हणाला. तुमच्याकडे म्हणजे वऱ्हाडात. हिवरखेड नकाशातही न पाहिलेला हा दीडशहाणा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि तरी मी मामाला काय सांगितलं? “मामा, सर्व्हर चालू आहे. सकाळीच यादी पायली म्या. तू थांब तिथंच.”

मामा थांबला. तीनला पुन्हा त्याचा फोन आला तेव्हा मी यादी परत काढली, आणि या वेळी वाचली. ८० नंबरच्या पोर्टची ओळ होती, ४४३ची नव्हती. नोंदणी सगळी ४४३वरून चालायची. आदल्या रात्री त्या पुणेकराने साइटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट बदललं होतं आणि ते पोर्ट पुन्हा सुरू झालंय की नाही, हे पाहायची तसदी घेतली नव्हती. मी सकाळची प्रिंट शोधली. तिच्यातही ती ओळ नव्हती, आणि खाली माझी सही होती. साहेबांना मी मठ्ठ म्हणत होतो. त्यांना यादी वाचता येत नव्हती. मला येत होती. थू माझ्या जिंदगानीवर!

काम पाच मिनिटांचं, पण पासवर्ड पुण्यात, आणि पुणं मीटिंगमध्ये. साइट साडेपाचला उघडली. मुदत पाचला संपली होती.

मी मामाला फोन केला.

“बाजूच्या गावचे लोक तेल्हाऱ्याले तहसीलवर गेले, बोंबलले,” तो म्हणाला. “तहसीलदारानं त्यायची नावं कागदावर लिहून घेतली. आमची रांगबी निघाली होती. म्याच अडवलं सगळ्यायले. म्हटलं, माहा भाचा तिथंच बसते, त्यानं सोता पायलं.”

“मामा, म्या नव्हतं पायलं. सही केली फक्त.”

त्याच्या मागून कोणीतरी विचारलं, “काय म्हणते भाचा?”

“काई नाई,” मामा त्याला म्हणाला, “त्याच्या हातात नव्हतं, म्हणते.”