बेडशाची पहिली घंटा
ताज्या सारवणाचा वास आला, की मला बेडशाची शाळा आठवते. तळेगावात साधी शिक्षिका असताना शाळा बोर्डाने मला बेडशाला मुख्य शिक्षिका म्हणून नेमलं. गावकरी म्हणाले, “बाईच्या हाताखाली पोरं न्हाई धाडायची.” पहिल्या सकाळी सारवलेल्या वर्गात मी एकटीच बसले होते. पोरं आली नाहीत, तर बोर्ड मला परत तळेगावला पाठवणार होतं. उन्हं चढली. तेवढ्यात खाचराच्या बांधावरून एक बाई दोन मुलींना घेऊन आली. “मास्तर व्हता तवर पोरी घरीच ठिवल्या,” ती म्हणाली. “आता बाई हाय, म्हनून आनल्या.” तिच्यामागून आणखी बायका आपापल्या मुलींना घेऊन येत होत्या. मी उठून घंटा वाजवली. पुढे मोठ्या शाळा सांभाळल्या, पण इतकं हलकं पुन्हा कधी वाटलं नाही.