तालिबभाईंच्या वाट्याची खीर

नजमाला मी इतकी वर्षं ओळखते की तिच्यावर रागवायचा मला हक्क आहे आणि तो मी मनसोक्त वापरते. ती आमच्या समोरच्या दारात राहते आणि साड्यांना फॉल-पिको करून देते. अख्ख्या नाना पेठेत तिच्यासारखा फॉल लावणारं कोणी नाही. टाका कुठे घातलाय ते साडी नेसणारीलाही सापडत नाही. बाईचं आयुष्य सुईवर गेलं, पण अंगात शिरणारी सुई म्हटली की ती भिंतीकडे तोंड फिरवते. तिच्या शहाबाजला लहानपणी लस टोचायला त्याचे वडीलच घेऊन जायचे.

हे वडील म्हणजे तालिबभाई, नजमाचा नवरा. बुधवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथे वायरींच्या ढिगात एक मांजराचं पिल्लू येऊन झोपलं आणि संध्याकाळी त्यांच्या पिशवीतून घरी आलं. बोका निघाला. नाव ठेवलं फ्यूज. लाडानं तो इतका फुगला की मी एकदा म्हटलं, "तालिबभाई, आता याला मेन स्विच म्हणा." ते हसले. पुढे थोड्याच दिवसांत कळलं की बोक्याला मधुमेह आहे.

शुगर तालिबभाईंनाही होतीच. झालं, फ्रीजच्या दारात दोघांची औषधं शेजारी शेजारी. सकाळ-संध्याकाळ ते आधी बोक्याला इन्शुलिन टोचायचे, मग स्वतःला. तेवढा वेळ नजमा गॅलरीत जाऊन उभी राहायची. घरातून साखर तिनं हद्दपार केली. ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे भरभरून यायचा, तालिबभाईंना चमचाभर मिळायचा. ते माझ्याकडे चहाला आले की एक डोळा मिटून साखरेच्या डब्याकडे बोट दाखवायचे. मी बधायची नाही.

मग एक दिवस प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फ्यूजचं इन्शुलिन बंद. याला रेमिशन म्हणतात. साखर औषधाशिवाय ताब्यात राहते, पण आजार गेलेला नसतो, दबा धरून बसलेला असतो. भात, दूध, गोडधोड सगळं वर्ज्य आणि अधूनमधून कानाला टोचून साखर तपासत राहायची. तालिबभाईंनी त्या दिवशी सगळ्या मजल्याला पेढे वाटले. स्वतःचं दुखणं नाही, पण बोक्याचं तरी त्यांनी परतवलं होतं. त्याच हिवाळ्यात दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. अटॅक.

त्यानंतर नजमानं दर गुरुवारी खीर करायला सुरुवात केली. त्यांच्यात जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी करतात, त्यावर फातेहा पढतात आणि वाटून टाकतात. त्या संध्याकाळी माणूस घरी चक्कर मारून जातो अशी तिची श्रद्धा. मला कोणाच्या श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही. आमच्याकडेही कावळ्याची वाट बघतातच. पण नजमा एक वाटी वेगळी काढायची. साय धरलेली, घट्ट, शेवयांची खीर. ती वाटी आणि पाण्याचा ग्लास मागच्या खोलीत तालिबभाईंच्या टेबलावर ठेवायची, दार लोटून घ्यायची आणि बाहेर येऊन शिवायला बसायची.

"जिंदगीभर त्यांना तरसवलं मी," ती म्हणायची. "आता खाऊ द्या की पोटभर."

आणि वाटी रिकामी व्हायची. रिकामी म्हणजे चकचकीत, घासून ठेवल्यासारखी. ग्लाससुद्धा.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी हसले. मी गणिताच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे उत्तर तपासल्याशिवाय मार्क मिळत नाहीत. पुढच्या गुरुवारी एक साडी घेऊन दिवेलागणीला मुद्दाम तिच्याकडे जाऊन बसले. ऊद जळत होता. नजमा खाली मान घालून फॉल लावत होती. रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट, वरच्या मजल्यावर कोणाची तरी मालिका, सगळं रोजच्यासारखं. आणि मागच्या खोलीत कोणीतरी चालायला लागलं.

सावकाश, टाच टेकवत. थप्. थांबणं. थप्. पाय उचलायची ताकद उरलेली नाही अशा माणसाचं चालणं होतं ते, शेवटी शेवटी दुकानातून परतणाऱ्या तालिबभाईंसारखं. मग पाणी पिण्याचा आवाज आला, बराच वेळ. एवढं पाणी माणूस एका दमात पीत नाही. नजमाची सुई थांबलीसुद्धा नाही.

"आले," ती म्हणाली.

"फ्यूज कुठाय?" मी विचारलं.

"असेल इकडंतिकडं."

 उठून दार ढकलायचं एवढंच काम होतं, पण मी साडी तिथेच टाकून घरी पळाले. भ्यायले होते, दुसरं काय. आठवडाभर स्वतःला शिव्या दिल्या आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. पावलं वाजली तशी उठले आणि दार ढकललं.

दुकानातून आणलेलं तालिबभाईंचं स्टूल टेबलाला लावलेलं होतं आणि त्यावरून चढून फ्यूज टेबलावर आला होता. पण तो मांजरासारखा उभा नव्हता. मागचे पाय ढोपरापर्यंत टेबलाला टेकलेले, सपाट, माणसानं पूर्ण तळवा टेकवावा तसे. पाठीचं हाड वर आलेलं. गलेलठ्ठ बोक्याची नुसती पिशवी राहिली होती. तोंड ग्लासात खुपसून तो पाणी पीत होता. माझी चाहूल लागली तशी त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिटला.

एकच. मांजरं दोन्ही डोळे मिटतात, मला माहीत आहे.

मी चौकटीला धरून उभी राहिले.  मग राग आला. भीतीपेक्षा राग मला बरा जमतो.

"नजमा, इकडे ये. बघ तुझी खीर कोण खातंय."

ती उठली नाही. "मला माहितीय, ताई."

"माहितीय?"

"मी काय आंधळी आहे? पहिल्या जुमेरातीपासून बघते. बाकीचे दिवस तो दुधाकडं ढुंकूनही बघत नाही. त्या वाटीवरच येतो, त्याच वेळी, त्यांच्याच चालीनं. ते त्याच्यात येतात, ताई. त्याच्या तोंडानं खातात."

 डोळा मिटलेला मी स्वतः पाहिला होता. खरं सांगते, तिचं म्हणणं मला त्या क्षणी खोटं वाटलं नाही. पण पाय गळालेला तो बोकाही मला दिसत होता. आजार परत आला होता. साखर फार दिवस चढी राहिली की मांजराच्या मागच्या पायातलं बळ जातं, हे तालिबभाईंनीच मला एकदा समजावलं होतं.

"त्याची साखर कधी तपासलीस शेवटची?"

नजमानं मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला. म्हणजे ते गेल्यापासून एकदाही नाही. कानाला सुई कोण लावणार?

"बरं," मी म्हटलं. "ते त्याच्यात येतात ना? मग शुगर कोणाची वाढतेय? एकदा गेले ते गेले. आता तू तुझ्या हातानं दुसऱ्यांदा घालवतेयस त्यांना."

असं बोलायला नको होतं की हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही. नजमानं हातातला फॉल खाली ठेवला. ती आत गेली, वाटी उचलली, उरलेली खीर मोरीत ओतली आणि वाटी धुताना हमसून हमसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत्तापर्यंत ती मला कधी रडताना दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं फ्यूजला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी साखर पाहिली आणि कपाळाला हात लावला. इन्शुलिन पुन्हा सुरू, रोज दोनदा, आजपासूनच. पायातलं बळ परत येऊ शकतं, पण आणखी हयगय झाली तर बोका जाणार. टोचायचं कसं तेही दाखवलं: मानेमागची कातडी दोन बोटांत धरून तंबूसारखी वर उचलायची आणि तंबूच्या पायथ्याशी सुई घालायची. नजमा तेव्हाही भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होती.

शहाबाज पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला राहतो. फोनवर म्हणाला, "अम्मी, मला डेली दोनदा येणं पॉसिबलच नाही. शेल्टरमध्ये ठेवूया ना त्याला." नजमानं फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी टोचलं असतं, पण मुद्दाम नाही म्हटलं. "मी पकडीन. टोचायचं तू."

संध्याकाळी मागच्या खोलीत, तालिबभाईंच्या टेबलावर, दिव्याखाली फ्यूजला ठेवलं. मी दोन्ही हातांनी त्याला पोटाखालून धरलं. नजमानं सिरिंज भरली, बिस्मिल्ला म्हटलं आणि तिचा हात थरथरायला लागला. डाव्या हातानं तिनं माझं मनगट गच्च पकडलं.

"अगं, मला काय धरतेस? कातडी धर त्याची."

"नाही होत, ताई. नाही होत माझ्याच्यानं."

तेव्हा फ्यूज एकदम शांत झाला. त्याचं अंग माझ्या हातात सैल पडलं. आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर त्याच्या मानेमागची कातडी वर उचलली गेली. सावकाश, नीट, तंबूसारखी. वरच्या टोकाला केस दबले होते, दोन बोटांत धरल्यावर दबतात तसे. माझे हात त्याच्या पोटाखाली होते. नजमाचा एक हात माझ्या मनगटावर, दुसऱ्यात सुई.

मी बोक्याला तसंच धरून राहिले. 

नजमाचा हात मात्र थरथरायचा थांबला. साडीत सुई घालते तशी तिनं ती घातली, दट्ट्या दाबला, सुई बाहेर काढली. कातडी अजून वरच होती. तिनं माझं मनगट सोडलं. माझ्याशी ती कायम मराठीच बोलते. आता ती त्यांच्या घरच्या हिंदीत बोलली, अगदी हळू, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत.

"छोडो अब. जमता मेरे को."

आणि कातडी हळूहळू खाली बसली.