निवडलेलं पुन्हा मिसळताना

त्या वर्षी इंझोरीत, सासरी, मी दुसरं काही केलं की नाही, देव जाणे. निवडलेलं धान्य पुन्हा मिसळलं, एवढं पक्कं आठवतं.

सासूला लकवा मारला तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभही जड झाली. अकोल्याच्या दवाखान्यातून निघताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला समोर बसवून बजावलं, की नुसता हात हलवून भागायचं नाही, हात आणि डोकं एकदम चाललं पाहिजे. ताटात तूर आणि मूग एकत्र करायचे. डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचा. आजारी हातानं एकेक दाणा उचलायचा, तोंडानं त्याचं नाव घ्यायचं आणि ज्याच्या त्याच्या वाटीत टाकायचा. तास लागो की दोन तास, मदत कोणी करायची नाही. मी पाचवीतून शाळा सोडलेली, पण ते सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि हरवू नये म्हणून पोलक्यात ठेवलं. घामानं अक्षरं फुटली. तोवर पाठ झालं होतं.

नवरा पोस्टात, अकोल्याला. रविवारचा यायचा. घरात आम्ही दोघी, आणि माझ्या पोटात सहावा महिना. बाळंतपणाला माहेरी जायचं होतं, पार रत्नागिरीकडे. कापूस फुटायच्या सुमारास भाऊ न्यायला येणार होता. तोवर सासूला आपलं लुगडं आपल्या हातानं नेसता आलं तर मी जाणार, नाहीतर नाही. ही अट मला कोणी घातली नव्हती. पण माझ्याशिवाय दुसऱ्या बाईला ती अंगाला हात लावू देत नव्हती. मी गेले तर ती गोधडीतून बाहेर येणार नाही, हे मला दिसत होतं. आणि लग्नानंतरच्या पहिल्या पावसात मासळीवाचून मी जेवेनाशी झाले, तेव्हा हीच बाई मंगरूळच्या बाजारातून सुकट घेऊन आली होती. वासानं नाकाला पदर लावून तिनं ती स्वतः भाजली. ते कसं विसरू?

तर रोज सकाळी ओसरीवर ताट मांडायचं. दहा-बारा दाणे होतात न होतात तोच कोणीतरी भेटायला यायचं. आमच्याकडे धान्याचं ताट पुढ्यात असताना हात बांधून बसणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. बोलता बोलता त्यांची बोटं ताटात जायची. कोणाच्या सुनेचं काय झालं, मेडशीच्या पाहुण्यांनी काय आणलं, हे सांगून होईपर्यंत इकडे तूर, तिकडे मूग, ताट साफ. वर खडेही काढून ठेवलेले. सासू आरामात भिंतीला टेकलेली.

मी हात जोडून सांगितलं. दवाखान्याचं नाव घेतलं. त्या मान हलवायच्या आणि मान हलवतानाही निवडायच्या. मी ताट ओढून सगळं पुन्हा एक केलं की शेजारची काकी तोंडावर हात ठेवायची.

"काहून वं, निवडलेलं धान कायले खराब करून राह्यली? कोकनात असंच करतेत काय?"

गावात बोभाटा झाला, की पोस्टातल्याची बायको आजारी सासूला कामाला जुंपते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याहून राग सासूचा यायचा, कारण कोणी आलं की तिचा डावा हात मांडीखालून हळूच बाहेर. मी पुन्हा तो दाबायची, ती माझ्याकडे बघायचीही नाही. एकदा मी ताट उचलून आत नेलं आणि चुलीपुढे बसून रडले. मग डोळे पुसून पुन्हा बाहेर आणून ठेवलं. करणार काय?

असे दोन महिने गेले. भावाचं पत्र आलं, की येत्या आठवड्यात येतो. मी ते सासूला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकी येऊन बसली आणि सवयीनं ताटात हात घातला. सासूनं तो ढकलला. वाकड्या बोटांनी, उजव्या हातानं.

"ठेव वं ते," ती म्हणाली. शब्द घसरत होते, पण कळत होते. "मले करू दे. पोरीले गावाले जायचं हाय."

काकी म्हणाली, आता हिलेबी कोकनाचं वारं लागलं. आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून, फार अवघडून, बसून राहिली.

भाऊ आला. निघायच्या सकाळी सासू कोठीच्या आड गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. भाऊ सारखा एसटीची वेळ सांगत होता. शेवटी आली. लुगडं नेसली होती. निऱ्या एका बाजूला गोळा झालेल्या, गाठ सैल, पायात घोळ लोंबणारा. माझा हात आपसूक पुढे गेला. फक्त एकदा खोचलं की झालं असतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला आणि पिशवी उचलली.

उजव्या मुठीत गाठ धरून ती फाट्यापर्यंत आली. मी सारा रस्ता ती गाठच बघत चालले.