काचेने खाल्लेलं तेल

आमच्या भाऊजींना कारखान्यात सगळे थेंबराव म्हणतात. सुगंधी तेल उकळायचं, त्याची वाफ थंड करून शुद्ध तेल वेगळं काढायचं, यातच त्यांचे केस पिकले. नवा कोणी आला की त्याच्या कानीकपाळी ओरडणार, “घातलं तेवढं परत मिळत नाही, बाबा! पहिले थेंब टाकायचे, तळाचं करपू नये म्हणून तळातच सोडायचं, आणि भांड्याची, नळीची काच ओली व्हायला लागतं तेवढं काच खाते. माल थोडा असेल तर सगळाच खाते!”

एवढं कळणारा माणूस! मग सांगा, मला राग येणार नाही तर काय?

माझी ताई, म्हणजे भाऊजींची बायको, कानामागे लावायची त्या तेलाची एकच बाटली घरात उरली होती. तीही तळाला बोटभर, काळपट, आंबूस वासाची. ताईला जाऊन वर्षं लोटली. भाची नोकरीसाठी परदेशी निघाली, तेव्हा तिने विचारलं, “बाबा, आईची बाटली नेऊ?”

झालं, भाऊजी हट्टाला पेटले. “असलं नासकं तेल पोरीला देऊ? स्वच्छ करून देतो.”

“राहू द्या हो. आहेच केवढंसं!” मी म्हणाले.

“लहान काच घेतो. मला शिकवू नकोस.”

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत कारखान्यात गेले. पहिल्या खेपेला चमचाभर फिकट तेल हाती आलं. मी हुंगलं आणि अगबाई, ताईच आली समोर! मला रडूच फुटलं. भाऊजींनी मात्र नाक मुरडलं. “अजून आंबूस येतंय.”

“आता पुरे करा!” मी त्यांचा हात धरला. तो झटकून त्यांनी तेल पुन्हा चढवलं.

काचेच्या आत ओलावा चढला, नळीच्या वळणापर्यंत गेला आणि तिथेच चकाकत राहिला. खालच्या बाटलीत एक थेंब पडेना. तळ करपायला लागला तशी त्यांनी आच बंद केली. काच स्पिरिटने धुऊन पाहिली, तर नुसता जळका वास. मला खूप बोलायचं होतं, पण ते पुन्हा पुन्हा तीच काच हुंगत होते. मी ताईची रिकामी बाटली पिशवीत टाकली.

घरी त्यांनी भाचीसमोर रिकामी बाटली ठेवली. “चुकलो गं. तुला आईचा खरा वास द्यायचा होता.”

पोरीने बाटली हातात घेतली.

“आई गेली तेव्हा मी केवढीशी होते, बाबा. खरा वास मला आठवतच नाही. तुम्ही कामावर गेलात की मी ही बाटली उघडून बसायचे. मला आईचा म्हणून तो आंबूस वासच माहीत होता.”