दसऱ्याचं कुंकू आणि माउसची गोळी

संगणकावरचा खेळ पॅडवर खेळायचा की माउसवर, या एका प्रश्नावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी शेताच्या बांधावरूनही कधी झाली नाहीत. भांडणारे आम्ही दोघंच. एक मी, तेव्हा अकरावीत, स्वतःला फार हुशार समजणारा. दुसरी माझी चुलत बहीण. तिला मी ताई म्हणायचो, पण तिचं ऐकायचो मात्र नाही. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जालन्याच्या कॉलेजात संगणक शिकलेली. आमचं एकत्र घर बदनापूरला होतं आणि हायवेला लागून वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान.

ताई पॅडच्या बाजूची. ती शाळेत असताना तिच्या वडिलांनी तिला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. कॅसेट अडकली की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. पुढे तिच्या मामानं औरंगाबादहून सीडीवाला जुना गेम आणला. त्याच्या पॅडला दोन छोट्या दांड्या होत्या. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्या अंगठ्यानं इकडंतिकडं बघायचं. बंदुकीचे खेळ ती भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून खेळायची आणि मध्येच पॅड मांडीवर ठेवून भुईमुगाच्या शेंगाही खायची.

मी माउसच्या बाजूचा. दुकानात दोन संगणक आले, त्यांवर एका मित्रानं दिलेला बंदुकीचा खेळ मी गुपचूप चढवला आणि माझे डोळेच उघडले. नजर जिथं जाते तिथं हात फिरवायचा, नेम तिथंच लागतो! पॅडवर नेम बैलगाडी वळवल्यासारखा सावकाश वळतो, तोवर समोरचा येऊन, मारून, निघूनही जातो. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती घरंगळली की आतल्या दोन बारीक दांड्या फिरायच्या, एक आडव्या चालीची, एक उभ्या चालीची. माउसखाली मी कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट पसरायचो. त्या गुळगुळीत पाकिटावर गोळी अशी काही पळायची की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

ताईला यातलं काही मान्य नव्हतं. "माउसला डोळे हायेत, पण पाय कुठं हायेत?" ती म्हणायची. "कीबोर्डवर तू एक तर पळतूस न्हाई तर खांबासारखा उभा राहतूस. पॅडवर दांडी हळूच ढकलून मला दबकत जाता येतं." यात तथ्य होतं, म्हणूनच मला राग यायचा.

शेवटी तिनं जालन्याहून संगणकाला लागणारं पॅड आणलं, दोन्ही संगणक वायरनं एकमेकांना जोडले आणि सोक्षमोक्षच लावायचं ठरलं. दुकान बंद असेल त्या दुपारी आम्ही खेळायचो. वर्षभर खेळलो. वर्षभर मी हरलो. नेम माझा चांगला होता, पण ती कुठून तरी दबकत माझ्या पाठीमागं यायची आणि खेळ खलास. त्यातून तिची एखादी गोळी हुकली आणि "ही दांडी ढिली झाली" असं ती पुटपुटली की मी लगेच ऐकवायचो, "आम्ही माउसवाले सबबी सांगत न्हाई." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते दिवसातून तीनदा म्हणायचो.

मग ताईला पुण्यात नोकरी लागली. दसऱ्याला सीमोल्लंघन, निघायला याहून चांगला दिवस कुठला, म्हणून त्याच संध्याकाळी पाचच्या एसटीनं निघायचं ठरलं. घरात सगळे खूश होते. मीही तसं दाखवलं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. आमच्याकडं बाहेर गेलेल्या मुली परत येतात तेव्हा त्यांना बसायला पाट मिळतो, चहाला नवी कपबशी मिळते, आणि मग त्या पाहुण्या होतात. ताई पाहुणी होणार, याची मला भीती होती. आणि त्याआधी तिला एकदा तरी हरवायचं होतं. एकदाच, पण चोख.

दसऱ्याच्या सकाळी दुकानात पूजा झाली. काटा, गल्ल्याची पेटी, पोती शिवायचा दाभण, दोन्ही संगणक, सगळ्यांना हळदीकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. पूजा मोठ्या आईनं, म्हणजे ताईच्या आईनं केली. मी दाराला तोरण बांधत होतो. पूजा झाली आणि वडिलांनी सांगून टाकलं, "आता उद्यापर्यंत कशाला हात लावायचा न्हाई. पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवत नसतेत."

माझं तोंडच उतरलं. पण ताई माझ्यापेक्षा वकील चांगली. "काका, हत्यारं कशाला पुजायचे? लढाईला जायाच्या आधीच ना? मंग लढाई तर झाली पायजे."

वडिलांनी हसून किल्ली माझ्या हातात ठेवली. "साडेचारला मी स्कूटर घेऊन येतो. बराबर साडेचार."

जेवणं, भरलेल्या बॅगा, शेजाऱ्यांचे निरोप, यातून सुटून आम्ही दुकानात पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. जो समोरच्याला आधी दहा वेळा टिपेल तो जिंकला. मी पाकीट पसरलं, माउसवरची फुलं बाजूला केली आणि बोटं मोडली.

पहिल्याच मिनिटाला कळलं की काहीतरी बिघडलंय. नेम वरखाली जात होता, आडवा हलतच नव्हता. मी माउस पाकिटावर घासला, उचलून आपटला. उजवीकडं काही नाही, डावीकडंही नाही. माझा शिपाई नाकासमोर बघत, कधी आभाळाकडं तर कधी पायांकडं मान करत धावत होता. एक-शून्य. तीन-शून्य. आणि माझं तोंड शिवलेलं! वर्षभर सबबी सांगत नाही म्हणून छाती फुगवली, आता कुठल्या तोंडानं सांगणार होतो? एकदा ती स्वतःहून समोर आली तेव्हा एक गोळी लागली. सात-एक.

ताईनं पॅड खाली ठेवलं. "तू काय करून राह्यला? मी बाजूनं येऊन राह्यले आन् तू पंख्याकडं बघून राह्यला."

"काही न्हाई. खेळ तू."

"माउस दे इकडं."

तिनं माउस उलटा केला. मग जी हसत सुटली ती खुर्चीवरून खाली बसेपर्यंत. गोळीवर हळदीकुंकवाचं ओलं बोट ठळक उमटलं होतं आणि वर अक्षतांचे दोन दाणे चिकटलेले. मोठी आई पूजा कधी अर्धवट करत नाही. कपाळाला लावलं तसं पायालाही लावायला हवं, म्हणून तिनं माउस उलटा करून पाय शोधले होते, आणि खाली एवढी गोल, काळीभोर गोळी दिसल्यावर तिला शाळिग्रामच सापडला असणार. दुसऱ्या संगणकाचा माउस पाहिला. त्याच्याही पायांची पूजा झाली होती.

"पाय न्हाईत म्हणत होतीस ना माउसला?" मी म्हणालो. "बघ. मोठी आई पाया पडली."

मग मीही हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. वर्षभरात आम्ही दोघं एकाच गोष्टीला एवढं कधी हसलो नव्हतो.

खरं तर ती तशीच दहा करून उठू शकत होती. तिनं खालची चकती फिरवून गोळी काढली, ओढणीच्या टोकानं पुसली, आणि केसांतली पिन काढून आतली आडव्या चालीची दांडी खरवडली. लाल रवा पाकिटावर पडला. "आता पहिल्यापासून," ती म्हणाली. "पण पाचचाच डाव. टाइम न्हाई."

तो पाचचा डाव माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर डाव. माझा नेम पाण्यासारखा वळत होता. दोन-शून्य मी पुढं, मग दोन-दोन, मग ती पुढं. ती दबकत यायची, मी गर्रकन वळायचो. ती पॅडबरोबर स्वतःही डावी-उजवी झुकत होती. चार-चार झालं आणि बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला.

"एकच राहिला," मी ओरडलो.

"एसटी थांबल का तुझ्यासाठी?" वडील बाहेरूनच म्हणाले.

मी मागचं दार लावायला गेलो, ताईनं संगणक बंद केले. एसटीच्या दारात तिनं मला आपट्याचं पान दिलं, मी तिला दिलं, आणि गाडी औरंगाबादच्या दिशेनं गेली. मी घरी येऊन पोट दुखतंय असं सांगून झोपलो.

सकाळी दुकानातून वडिलांची हाक आली. मी ज्यावर खेळलो होतो, त्या बिलाच्या संगणकाचा माउस ठार मेला होता. मी उलटा केला, चकती फिरवली. आत गोळी नव्हती. गोळीच्या जागी घडी घालून आपट्याचं पान बसवलेलं होतं.

"ह्यात आता पानं घालून राह्यले का लोक?" वडील म्हणाले आणि दुसऱ्या संगणकाचा माउस काढून, पुसून, कामाला लागले. मी पान खिशात घातलं. तीन दिवसांनी ताईचा फोन आला. सगळ्यांशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "चार-चार हाय, ध्यानात ठेव. गोळी माझ्यापाशी हाय."

दिवाळीला ती आली तेव्हा मोठी आई दारात भाकर-तुकडा घेऊन उभी होती. आत पाट मांडलेला, नवी कपबशी काढलेली. ताईनं ओवाळून घेतलं, पण चप्पल काढलीच नाही. पर्समधून गोळी काढून तिनं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "दुकानाची किल्ली घे. चहा परत आल्यावर पिऊ."

गोळी बसवली, पाकीट पसरलं. एकच गोळी झाडायची होती, आणि मी खेळातल्या दाराकडं नेम धरून वाट बघत होतो. मी हरलो. ती पाठीमागून आली, दबकत, नेहमीसारखी.