लाल रेषेच्या अलीकडे

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेव्हा यशाच्या मनीषाचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली, पण ओरडून. तिचा दोष नाही. यशाच्या घरात वर्षानुवर्षं सगळेच ओरडून बोलत आले. बाप गेल्याची बातमीही त्या पोरीला हळू आवाजात सांगता आली नाही. फोन कानापासून लांब धरून मी वडाळ्याच्या माझ्या खोलीत बसून राहिलो. रडू नाही आलं, नुसतं दमल्यासारखं वाटलं. या वयात अशा फोनांनी धक्का बसत नाही. आणखी एक जण कमी झाला... एवढं कळतं, आणि चपला घालून निघावं लागतं.

यशवंत आणि मी परळच्या एकाच गिरणीत होतो. तो साचेखात्यात, मी कापडाच्या घड्या घालणाऱ्या खात्यात. आमच्याकडे निदान एकमेकांशी बोलता यायचं. त्याच्याकडे सगळे माग एकदम धडधडत असायचे; तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची, बाकीचं हातवाऱ्यांनी भागवायची. पाळी सुटल्यावर गेटाबाहेर चहा पिताना यशा माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मला वाटायचं, किती मन लावून ऐकतो हा! मग संप झाला. आधी उत्साह, मग उसनं अवसान, मग नुसतं बसून राहणं. यशा मालवणकडे गावी जाऊन आला, तिथे जीव रमेना म्हणून परतला. त्याची बायको, सुनंदावहिनी, भोईवाड्याच्या नाक्यावर भाजी घेऊन बसायला लागल्या. गिरणी कधी सुरू होणार, हे एकमेकांना विचारणं आम्ही हळूहळू सोडून दिलं. कुणी ठरवलं नव्हतं, पण सुटलं.

माझ्या मेव्हण्याचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. त्याच्याकडे पडून असलेले दोन कॅसेट प्लेयर, एक मिक्सर आणि एक रेकॉर्डिंगचा डेक आम्ही यशाच्या खोलीत आणला आणि हळदीसाठी, गणपतीसाठी न थांबणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटी भरायला लागलो. स्वतःला डीजे म्हणवून घ्यायची हिंमत तेव्हा नव्हती. एक गाणं संपत आलं की दुसरं त्यात हळूच सरकवायचं, हे माझं काम. डेकसमोर बसून आवाजाची पातळी सांभाळायची, हे यशाचं. त्याची पद्धत ठरलेली. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तो मला सगळ्यात दणदणीत गाण्याचा सगळ्यात दणदणीत तुकडा लावायला सांगायचा. तेवढ्यावर डेकचा काटा लाल रेषेला जेमतेम शिवेल, असा आवाज लावायचा आणि मग त्या नॉबला कुणी हात लावायचा नाही. फार कमी ठेवलं तर गाण्यापेक्षा टेपची सळसळच जास्त ऐकू येते. फार चढवलं तर ढोलकी फाटते, आणि टेपवर फाटलेली ढोलकी पुन्हा सांधता येत नाही. दोन गाणी एकत्र वाजतात त्या क्षणी आवाज आपोआप चढतो. तेव्हा यशा हात वर करायचा आणि मी दोन्ही गाणी थोडी खाली ओढायचो. दोघांच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे बोलणं नाहीच. साचेखात्यातले हातवारे असे कामाला आले.

माझा हेडफोन मिक्सरला जोडलेला होता, त्याचा डेकला. म्हणजे टेपवर काय उतरतंय ते ऐकणारा तो एकटाच. एकदा शीव कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मुलाच्या हळदीसाठी कॅसेट नेली आणि लगोलग परत आल्या. मासळी विकणाऱ्या बाईचा आवाज, सगळी चाळ बाहेर आली. "काय रे, गान्यात ही शिट्टी कोन मारतंय? उद्या हळद हाय माझ्या पोराची!" मी कॅसेट लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बारीक, टोचणारी शिट्टी. कुठलीतरी वायर बिघडली होती. मी यशाकडे बघितलं. तो कॅसेटकडे बघत होता. मावशींना उद्या दुपारपर्यंत नवीन भरून देतो म्हणून मी वाटेला लावलं आणि दार ओढून घेतलं.

"यशा, तुला हे ऐकायला नाही आलं?"

त्यानं कॅसेट बंद केली. मग म्हणाला, "आत्ता पण नाय येत रे. बारीक आवाज कधीचेच गेलेत. साच्यावर असतानाच."

"मग इतके दिवस काय करत होतास?"

"काटा बघत होतो... तुला सांगितलं असतं तर तू दुसरा कोणतरी बघितला असतास."

गिरणी गेली, हे कामही जाईल, या भीतीनं तो माझ्या शेजारी बसून होता आणि मला पत्ता नव्हता. मी वायर बदलली. दोन्ही हेडफोन माझ्याकडे घेतले. "काटा तुझा, कान माझे," म्हटलं. मावशींची कॅसेट आम्ही वेळेत पोचवली आणि पुढे कॅसेटी बंद होईपर्यंत तसंच काम केलं.

नंतर सीडी आल्या, कॉम्प्युटर आले, मंडळांच्या ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर चढले. एका विसर्जनाला लालबागच्या एका मंडळानं यशाला ट्रकवरचा आवाज सांभाळायला बोलावलं. दुपारची मिरवणूक, खाली पोरं नाचतायत आणि मिक्सरचे सगळे दिवे लाल. यशानं आवाज खाली आणला. पोरांनी वर नेला. त्यानं पुन्हा खाली आणला आणि नॉबवर पंजा झाकून उभा राहिला. कुणीतरी त्याचा हात उचलून बाजूला केला. "काका, तुम्हाला तसं पण ऐकू येत नाय. उतरा." तो उतरला आणि भोईवाड्यातल्या घरापर्यंत चालत आला. मी गेलो तेव्हा खाटेवर बसला होता. चिडलेला नव्हता, थकलेला होता. "साच्यावर आम्हाला कोणी विचारलं नव्हतं रे," तो म्हणाला. "ही पोरं आपल्या हातानं कान घालवतायत." त्यानंतर तो कुठल्याच ट्रकवर चढला नाही.

मनीषाच्या हळदीचं रेकॉर्डिंग मात्र त्यानंच केलं. तोवर त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. गाणी मी जोडली, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या बघत पातळी त्यानं लावली. हळदीच्या दिवशी खुर्ची घेऊन तो मांडवाच्या कडेला बसला आणि नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहिला. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "कसं वाजतंय सांगू?" त्यानं मान हलवली. "नको. एक गाणं जाऊन दुसरं आलं, तरी कोणाचा पाय थांबला नाय. बरोबर लागलंय."

तो गेल्यानंतर महिन्याभरानं मी पुन्हा त्याच्या घरी गेलो. चाळीच्या जागी आता नवी इमारत आहे, बंद दारांची. मी बेल दाबली. वहिनींनी दार उघडलं, मला बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी बेल वाजवली आणि भिंतीवर, यशाच्या खुर्चीच्या समोर, एक पिवळा बल्ब लागला. बेल ऐकू येत नाही म्हणून त्यानंच तो बेलच्या वायरीला जोडून घेतला होता. वहिनी चहाचं भांडं तसंच ठेवून बाहेर आल्या, पण लगेच दाराकडे गेल्या नाहीत. आधी बल्बकडे बघितलं, मग खुर्चीकडे, आणि मगच दार उघडलं.

"काढून टाकू काय वहिनी तो बल्ब?" शेजारीण गेल्यावर मी विचारलं.

"नको भावजी," त्या म्हणाल्या. "बेल माका ऐकाक येता... पण नजर आधी थंयच जाता."